एक योद जास्त

वळिवड्याच्या छावणीत तेव्हा हजारोंनी पोलंडवाले,
त्यांचं चर्च, त्यांची बेकरी, त्यांचा बँड,
आणि शनिवारी चूल न पेटवणारी घरं
हाताच्या बोटांवर.
त्यातली ही ब्रायना. शिवणकाम करायची.
ग्रोद्नो, सैबेरिया, तेहरान, कराची,
आणि मग गुळाचा वास येणारं आमचं कोल्हापूर.

बाबा पार्सल बाबू. एलोजी झिराडकर.
स्टेशनात सगळे ख्रिस्ती समजायचे.
आम्ही सांगायचो, शनवार तेली,
तर विचारायचे, मग घाणा कुठाय?

ती आली सुयांचं पार्सल सोडवायला.
टेबलावर बाबांचं प्रार्थनेचं पुस्तक उघडं होतं.
तिनं बोट ठेवलं : अलेफ.
बाबांनी ठेवलं : बेथ.
पहिल्या दिवशी एवढंच बोलणं. मग सही, मग पावती.

पुढच्या खेपेला कोटाच्या अस्तरातून
तिनं एक चोपडं काढलं, दोन पैशांचं, न्यूयॉर्कात छापलेलं.
भाऊ तिकडे शर्टाच्या कॉलरी शिवायचा.
पैसे पाठवतो म्हणाला, गाणी पाठवली.
बाबा वाचू लागले उजवीकडून, अडखळत.
अक्षर न् अक्षर ओळखीचं, शब्द एक कळेना,
जसा कुणी आपलंच धोतर नेसून दारात यावा
आणि जर्मनमध्ये बोलावा.

अर्थ ती सांगायची, मोडक्या हिंदीत आणि दोन्ही हातांनी.
एक गाणं भाडोत्र्याचं : तीन खुर्च्या जोडून झोपतो,
पहाटे मालकीणबाईंना दोन हव्या असतात,
अमेरिका एवढी मोठी, पाय कुठं ठेवू?
एक त्याचं, ज्याचं नाव धक्क्यावरच्या कारकुनानं अर्धं कापलं,
उरलेलं अर्धं तो बंदरातल्या पिंपांत हुडकतोय.
हमाल सिदाप्पा काट्यावर बसून ऐकायचा.
"गाणं रडकं हाय, पर ठेका नाचायचा हाय. असं कसं ओ?"
ब्रायनानं अंगुस्तान काट्याच्या लोखंडावर वाजवलं.
असंच, म्हणाली.

एकदा बाबा थांबले. म्हणाले, हायाम. समुद्र.
ती म्हणाली, नाही, हेम. घर.
बाबा म्हणाले, पुस्तकात समुद्र असाच लिहितात.
तिनं नखानं दाखवलं : इथं एक योद जास्त आहे.
योद म्हणजे सगळ्यांत लहान अक्षर,
तांदळाच्या कणीएवढं.
बाबा हसले, मग हसायचे थांबले.
आमचे पूर्वज नागावच्या किनाऱ्याला
फुटक्या गलबतातून लागले, असं घरात सांगायचे.
तिचं कोण कुठं राहिलं, हे तिला अजून कळलं नव्हतं.
त्या दिवशी पार्सलं उशिरा गेली.

आईनं तिला मलिद्याला बोलावलं.
पोहे, खोबरं, शाहूपुरीचा गूळ.
आई योसेफाचं कीर्तन म्हणाली, साक्या, दिंड्या, सगळं मराठीत.
भावांनी विहिरीत टाकलं तिथं ब्रायना रडली,
एक शब्द कळत नसताना, बरोबर तिथंच.

मग ती गेली. कुठं, ते नीट कळलं नाही.
बराकींत सिंधी आले, त्यांची मशिनं आली,
गांधीनगरात आता कापड घ्यायला सगळा जिल्हा येतो.
एका दुकानात म्हातारा मालक सिंधीत काहीतरी गुणगुणत होता.
मी दीड मीटर अस्तर घेतलं, गरज नसताना.

थोरली बहीण बावन्नला इस्रायलला गेली.
तिच्या नातवाचं पत्र आलंय अश्दोदहून.
मराठी बोलतो, देवनागरी येत नाही,
म्हणून मराठीच, पण त्या अक्षरांत, उजवीकडून.
बाबांसारखीच मी बोट ठेवून वाचते.
मावशीआजी, तुझं
आणि पुढं दोनच अक्षरं : गिमेल, रेश.
गेर. म्हणजे परका.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
पोरानं घर लिहिलंय.
तुझं घर कसं आहे, विचारतोय.

बरं आहे, लिहीन म्हणते.
कुठल्या अक्षरांत, ते अजून ठरलं नाही.